मांजरीची नसबंदी आणि त्यानंतरचे 3 तास

प्रश्न: कासारवडवलीहून एक ताई विचारतात, "आमची चिंगी 8 महिन्यांची आहे. पुढच्या गुरुवारी तिचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलंय. याआधी दोनदा तारीख घेऊन मी रद्द केली. भूल दिल्यावर ती उठलीच नाही तर, हा एकच विचार डोक्यात घोळतो आणि रात्री झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मुक्या जिवाचं असं करू नये. आमच्याच विंगमधल्या एका मांजरीचे टाके उसवले होते, तेही आठवतं. मी चुकीचं तर करत नाही ना?"

ताई, ठाण्यात लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करून मला 21 वर्षं झाली आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. बहुतेक जण तो दवाखान्याच्या दारात, बास्केट हातात घट्ट धरून विचारतात, तेव्हा नीट बोलायला वेळ नसतो. तुम्ही आठवडाभर आधी विचारलात हे चांगलं केलंत.

आधी तुमच्या भीतीबद्दल बोलते. भुलेत जीव जाऊ शकतो का? हो, जाऊ शकतो. "काही होत नाही हो, किरकोळ ऑपरेशन आहे" असं कोणी सांगितलं तर त्याने तुमची भीती जात नाही, फक्त बोलायची सोय जाते. पोट उघडून आतले अवयव काढणं किरकोळ नसतं. मग असं किती वेळा होतं? ब्रिटनमधल्या शंभराहून जास्त दवाखान्यांत भूल दिलेल्या हजारो मांजरींची नोंद ठेवून केलेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी मांजरींमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण 0.11 टक्के निघालं, म्हणजे साधारण 900 मांजरींमागे 1. आजारी मांजरींमध्ये तेच प्रमाण 1.4 टक्के होतं, म्हणजे 70 मांजरींमागे 1. हे आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात सारख्या सोयी नसतात, त्यामुळे ते जसेच्या तसे चिंगीला लावू नका. पण त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी इथल्या मांजरींनाही तितक्याच लागू आहेत आणि मला तुमच्याशी त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

पहिली म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यातलं अंतर, जवळजवळ 12-13 पटींचं. भुलेचं औषध तेच आणि टेबलही तेच, तरी कोणत्या तब्येतीची मांजर त्या टेबलावर येते यावर एवढा फरक पडतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ज्या मांजरी दगावल्या, त्यांतल्या सुमारे 60 टक्के ऑपरेशन संपल्यानंतर दगावल्या, आणि त्यांतल्याही बऱ्याचशा पहिल्या 3 तासांत. तुम्ही रात्री डोळे मिटून जे दृश्य बघता, चिंगी टेबलावर आडवी, वर दिवा, हातमोजे घातलेले हात, त्या क्षणी खरं तर तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. घशात नळी, त्यातून ऑक्सिजन, जिभेला किंवा पंजाला लावलेलं यंत्र दर सेकंदाला नाडी मोजतंय. टाके पडले, नळी निघाली की तिला पिंजऱ्यात ठेवतात आणि सगळे पुढच्या पेशंटकडे वळतात. तिचं अंग गार पडलेलं असतं, रक्तदाब अजून पूर्ववत झालेला नसतो, गिळण्याची ताकद अर्धवट आलेली असते. त्या वेळी कोणी तिच्यापाशी बसलेलं असलं पाहिजे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, एका पांढऱ्या मांजरीचं ऑपरेशन मी सकाळी केलं. दुपारी दीडच्या सुमारास तिने मान उचलली, माझ्याकडे पाहिलं. मालकांना कळव्याला जायचं होतं, पाऊस वाढत होता, त्यांनी "नेऊ का?" विचारलं आणि मी हो म्हटलं. रिक्षा वाटेत अडकली, बास्केटमधला टॉवेल भिजला. घरी पोहोचल्यावर ती पुन्हा झोपली असं त्यांना वाटलं. चारला त्यांचा फोन आला की हाक मारली तरी कान हलवत नाही. परत आणली तेव्हा तिचं तापमान 95 फॅरनहाइटच्याही खाली गेलं होतं. मांजरीचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 असतं. हळूहळू ऊब देत, सलाइन कोमट करून लावत आम्ही तीन तास बसलो. ती वाचली आणि नंतर बरीच वर्षं जगली. पण चूक पूर्णपणे माझी होती. मान उचलणं म्हणजे शुद्धीवर येणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून सकाळी ऑपरेशन झालेली मांजर संध्याकाळी 5च्या आधी माझ्याकडून घरी जात नाही. ती आपल्या पायांवर नीट उभी राहिली पाहिजे, अंगाला ऊब असली पाहिजे आणि हिरड्या गुलाबी दिसल्या पाहिजेत. कोणी कितीही घाई केली तरी यात मी बदल करत नाही.

म्हणून मी तुम्हाला "भिऊ नका" असं सांगणार नाही. ती भीती कामाला लावा. गुरुवारच्या आधी एकदा दवाखान्यात जा आणि तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. भूल दिलेली असताना तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, की ऑपरेशन करणारेच एकटे असणार? घशात नळी घालून ऑक्सिजन देणार का? मध्येच वीज गेली तर काय सोय आहे? शुद्धीवर येताना तिला ऊब कशाने देणार आणि तिच्यापाशी कोण असेल? घरी कधी सोडणार? दुखण्यावर औषध काय देणार, किती दिवस? आणि रात्री 11 वाजता काही वाटलं तर मी कोणाला फोन करू? यातल्या एकाही प्रश्नाने चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. उलट मला असे प्रश्न विचारणारे पालक आवडतात, कारण ते घरीही नीट लक्ष ठेवणार हे लगेच कळतं. उत्तरं टाळली जात असतील, तर तिसऱ्यांदा तारीख बदलायला तुमच्याकडे खरंखुरं कारण असेल. दवाखान्यादवाखान्यांत दराचा जो फरक दिसतो, त्यातला बराचसा याच गोष्टींचा असतो. टाके तर सगळेच घालतात.

आता तब्येतीचं. चिंगी 8 महिन्यांची, घरात राहणारी, खाती-पिती म्हणजे ती बहुधा निरोगी गटातलीच आहे. पण "बहुधा"वर थांबू नका. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तिला हातात घेऊन तपासलं पाहिजे: वजन, हिरड्यांचा रंग, छातीला स्टेथोस्कोप लावून हृदय आणि फुप्फुसं. हृदयाचं मी मुद्दाम सांगते, कारण मांजरींमध्ये हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार सर्रास आढळतो आणि बाहेरून मांजर ठणठणीत दिसते. स्टेथोस्कोपमध्ये वेगळा आवाज आला तर आधी सोनोग्राफी, मग ऑपरेशन. रक्ताची साधी तपासणीही करून घ्या, हिमोग्लोबिन, पेशी, किडनी, लिव्हर. ठाण्यासारख्या दमट हवेत पिसवा वर्षभर असतात आणि पिसवांनी रक्त पिऊन पांढुरकी पडलेली लहान मांजर मी कितीतरी वेळा ऑपरेशनआधीच परत पाठवली आहे. महिनाभर औषध देऊन, रक्त भरून आल्यावर मग घेतलं. लसी पूर्ण झालेल्या असाव्यात, शेवटची लस निदान 2 आठवडे आधीची. आदल्या दोन-तीन दिवसांत शिंका, डोळ्यांना पाणी, जुलाब, खाणं कमी होणं असं काहीही दिसलं तर तारीख पुढे ढकला. ते ढकलणं योग्य कारणासाठी आहे. चिंगी पर्शियन असेल तर नाक चपटं असल्याने शुद्धीवर येताना तिच्या श्वासाकडे जास्त लक्ष लागतं, तेही बोलून घ्या.

उपाशी ठेवण्याबाबत घरोघरी गोंधळ असतो. सकाळी 9-10 वाजताचं ऑपरेशन असेल तर रात्री 11-12च्या सुमारास शेवटचं खाणं द्या, नंतर बंद. आदल्या संध्याकाळी 6 पासूनच उपास नको, त्याने तिची साखर आणि ताकद उगाच कमी होते. पाणी सकाळी निघेपर्यंत राहू द्या. ही वेळ 8 महिन्यांच्या मांजरीची. 3-4 महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्याची वेळ डॉक्टर वेगळी सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी थोडी वेगळी वेळ सांगितली तर त्यांचंच ऐका, कारण कोणतं औषध वापरणार हे त्यांना माहीत असतं. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा. आजोबांनी सकाळच्या चहाबरोबर प्रेमाने दिलेला बिस्किटाचा तुकडा किंवा ओट्यावरची मांदेली, एवढ्याने ऑपरेशन रद्द करावं लागतं. काही भुलेच्या औषधांनी मांजरीला उलटी होते आणि ती उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. फ्रिजवर चिठ्ठी लावा.

गुरुवारी आत काय होईल तेही सांगते, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. आधी एक इंजेक्शन मिळतं, त्याने पंधरा-वीस मिनिटांत ती सुस्तावते, दुखणंही कमी होतं. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावतात, म्हणून घरी आल्यावर तिथले केस काढलेले दिसतील. शिरेतून भूल देऊन घशात नळी. मांजरीचा घसा नळी लागताच आवळून बसतो, त्यामुळे आधी तिथे बधिर करणाऱ्या औषधाचा थेंब किंवा फवारा. डोळ्यांत मलम, कारण भुलेत मांजरीचे डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात. पोटावरचे केस काढून, जागा स्वच्छ करून साधारण 2 सेंटिमीटरचा छेद. त्यातून दोन्ही बीजांडकोश आणि बहुतेक वेळा गर्भाशयही बाहेर काढतात, रक्तवाहिन्या धाग्याने घट्ट बांधतात, मग आतून बाहेर थराथराने टाके. सरावलेल्या हाताला एवढ्याला 20 ते 30 मिनिटं पुरतात. काही डॉक्टर पोटाऐवजी कुशीतून छेद देतात. रस्त्यावरच्या मांजरींमध्ये ते सोयीचं असतं, कारण जखम लांबूनही दिसते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. ज्यात तुमच्या डॉक्टरांचा हात बसलाय तीच त्यांना करू द्या.

ऑपरेशनच्या दिवशी ती हीटवर, म्हणजे माजावर, असेल तर? त्या वेळी रक्तपुरवठा वाढलेला असतो, गर्भाशय फुगलेलं, नाजूक असतं. ऑपरेशन होऊ शकतं, पण घाई नसेल तर मी ते आठवडाभर पुढे नेते. मात्र ती शांत होऊन पुढची हीट यायच्या आतच करायचं, आणि आपल्याकडे ती 2-3 आठवड्यांत पुन्हा येते. एक गोष्ट कधीही करू नका: हीट थांबवायला माणसांच्या हार्मोनच्या गोळ्या. कोणीतरी सांगतं, मेडिकलमध्ये मिळते, एकदा दिली तर काय होतं. त्याने गर्भाशयात पू होतो, स्तनांच्या गाठी वाढतात, मधुमेहसुद्धा होऊ शकतो. मी हे तिन्ही बघितले आहेत.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी येईल. रिक्षाने येणार असाल तर बास्केटमध्ये कोरडा जाड टॉवेल, वर एक चादर आणि पावसात एक प्लॅस्टिक, पण हवा जाईल असं. मोठ्या टॉवेलची एक जोडी जास्तीची न्या. घरी एक छोटी शांत खोली तयार ठेवा, दिवा मंद, पंखा हळू, एसी बंद. तिला जमिनीवरच ठेवा, पलंगावर किंवा सोफ्यावर नको. भुलेचा अंमल उतरताना तिला उंचीचा अंदाज येत नाही आणि तरी ती उडी मारू बघते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतील, चालताना मागचा भाग लटपटेल, मान एका लयीत हलेल. ते औषधाने होतं आणि सकाळपर्यंत जातं. घरात दुसरी मांजर असेल तर तिला त्या रात्री वेगळं ठेवा. चिंगीच्या अंगाला दवाखान्याचा वास येईल आणि रोज एकत्र झोपणारी मांजरसुद्धा त्या वासाने फिसकारते.

खायला लगेच भरभरून देऊ नका. ती नीट चालायला लागली की आधी पाणी, मग रोजच्या जेवणाचा चौथा हिस्सा. उकडलेलं चिकन किंवा तिचं नेहमीचं खाणं चालेल. दूध नको. त्या रात्री नाहीच खाल्लं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंड लावलं नाही तर फोन करा. लघवी पहिल्या 24 तासांत व्हायला हवी, शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी घाबरू नका. रात्री दर दोन-तीन तासांनी उठून बघा. तशीही तुम्हाला झोप लागणार नाही, मग जागरणाचा उपयोग करा. कानाला हात लावून ऊब बघा. ओठ हलकेच वर करून हिरड्या बघा, गुलाबी आहेत ना. पोटाची हालचाल मोजा, झोपेत मिनिटाला 30च्या खाली श्वास असावेत. हिरड्या पांढऱ्या फटक दिसल्या, ती हाकेला अजिबात प्रतिसाद देईना, अंग गार लागलं, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, पोट फुगत चाललं किंवा टाक्यांतून रक्त थेंबथेंब गळतच राहिलं, तर सकाळची वाट बघू नका. पोटात बांधलेली रक्तवाहिनी सुटल्याचं ते लक्षण असू शकतं आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. टाक्यांवर दोन थेंब सुकलेलं रक्त, कडा किंचित लालसर, एवढं चालतं.

आणि आता जे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. तिला दुखतंय, अंग गरम लागतंय म्हणून घरातलं कोणतंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आपलं यकृत त्या औषधाचा ज्या पद्धतीने निचरा करतं, ती पद्धत मांजरीच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्तातला ऑक्सिजन वाहणारा घटक निकामी होतो, हिरड्या चॉकलेटी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. असं झालेल्या मांजरी माझ्याकडे आल्या आहेत. ऑपरेशनातून सुखरूप बाहेर पडलेल्या आणि घरच्यांच्या मायेने आजारी पडलेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. आयबुप्रोफेनचंही तेच. डॉक्टरांनी मांजरीसाठी दिलेलं दुखण्याचं औषध तेवढ्याच थेंबांत, तेवढेच दिवस. जखमेवर डेटॉलसारखं फिनॉल गटातलं जंतुनाशक लावू नका, तेही चाटून पोटात जातं आणि मांजरीला विषारी असतं. हळदही नको, ती टाक्यांत चिकटून बसते आणि मांजर ती चाटत राहते. जखम कोरडी ठेवायची, एवढंच. आपल्या पावसाळ्यात कोरडं ठेवणं हेच मोठं काम आहे. अंथरूण रोज बदला, ओलसर टॉवेल इस्त्री करून वापरा.

तुमच्या विंगमधल्या मांजरीच्या टाक्यांबद्दल. ती मांजर मी बघितलेली नाही, पण माझ्याकडे उसवलेले टाके घेऊन येणाऱ्यांत बहुतेकांचं कारण एकच असतं: "तिला गळ्यातली कॉलर आवडत नव्हती, म्हणून काढली." मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्या जिभेने रात्रभर चाटलं तर सकाळपर्यंत टाका सुटतो. ही कॉलर म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती लावायचा शंकू. पहिल्या दिवशी ती तिला सहन होत नाही. ती उलटी चालते, भिंतीला धडकते, तुमच्याकडे केविलवाणं बघते. दोन दिवसांत सवय होते. जेवणाची वाटी थोडी उंचावर आणि लहान घ्या म्हणजे कॉलरसकट खाता येतं. अगदीच जमलं नाही तर पोट झाकणारं कापडी झबलं मिळतं, जुन्या टी-शर्टच्या बाहीला चार भोकं पाडूनही होतं, पण ते ओलं झालं की लगेच बदला. 10 ते 14 दिवस उड्या बंद. हे सांगायला सोपं, करायला कठीण. फ्रिजजवळचं स्टूल, कपाटाशेजारची खुर्ची, माळ्यावर जायची तिची ठरलेली वाट, सगळं हलवा. पाचव्या-सहाव्या दिवशी टाक्यांखाली शेंगदाण्याएवढी टणक गाठ लागली, वरची कातडी कोरडी, ती खातेय-खेळतेय, तर ती बहुधा आतल्या विरघळणाऱ्या धाग्याची सूज असते आणि काही आठवड्यांत जिरते. गाठ मऊ, वाढती, ओली किंवा वास येणारी असेल तर दाखवा. फोटो काढून पाठवला तरी बरंच कळतं.

सासूबाईंचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. त्यांना चिंगीचीच काळजी आहे, तुमच्याइतकीच. त्यांना माझ्या वतीने हे सांगा. एक वेत झाल्याने मांजरीच्या तब्येतीला कोणताही फायदा होतो असं आढळलेलं नाही. उलटं मात्र आढळलंय: 6 महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 91 टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत झाली तर सुमारे 86 टक्क्यांनी. मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा, दहातल्या आठ-नऊ, कर्करोगाच्याच निघतात. चिंगी 8 महिन्यांची आहे, तो 86चा फायदा अजून तिच्या हातात आहे. दोन तारखा गेल्या, आता आणखी घालवू नका असं मी म्हणते ते यासाठी.

शिवाय हीट म्हणजे मांजरीला सुखाची गोष्ट नसते. दिवस मोठे असले की मांजरी माजावर येतात, आणि आपल्याकडे तर बहुतेक वर्षभरच. आठवडाभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, खाणं सोडणं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधून खाली पडून आलेल्या मांजरी मी तपासते, तेव्हा "गेले दोन दिवस फार ओरडत होती, खिडकीतच बसली होती" हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. पिल्लं झालीच, तर 63 ते 65 दिवसांत चार-पाच होतील आणि ती अंगावर पीत असतानाच चिंगी पुन्हा गाभण राहू शकते. मग त्या पिल्लांना घरं कोण शोधणार? शेवटी ती पार्किंगमध्ये गाड्यांखाली येतात, तो मुक्या जिवांचा त्रास सासूबाईंनीही पाहिलेला असेल.

आणि नसबंदी न झालेल्या मांजरीच्या गर्भाशयात पुढे कधीतरी पू होऊ शकतो. तेव्हा करावं लागतं ते हेच ऑपरेशन, पण ताप चढलेल्या, सुकलेल्या, रक्तात विष भिनलेल्या मांजरीवर, रविवारी रात्री. सुरुवातीला सांगितलेले दोन आकडे आठवा, 900 मागे 1 आणि 70 मागे 1. आज तुम्ही जे टाळाल ते त्या दुसऱ्या रांगेत उभं राहून करावं लागू शकतं.

"ती माझ्यावर रागवेल का, तिचा स्वभाव बदलेल का" हे तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणार. एखादा दिवस ती पलंगाखाली बसेल, मग येईल. खेळकरपणा, लाड, तुमच्या उशीवरची जागा यांतलं काही जात नाही. ओरडणं आणि दाराकडे धावणं जातं. बदलते ती भूक. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते आणि खायची इच्छा वाढते, त्यामुळे टाके निघाले की मोजून खाणं द्या आणि महिन्याला वजन करा. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, नंतर तिला घेऊन स्वतः काट्यावर उभं राहून.

आता आज संध्याकाळी करायचं एक काम. बास्केट माळ्यावरून खाली काढा, पुसून हॉलच्या कोपऱ्यात दार उघडं ठेवून मांडा, आत तिचं रोजचं फडकं घाला आणि रात्रीचं खाणं तिथेच द्या. गुरुवारपर्यंत ती आपणहून आत जाऊन झोपायला लागेल. घाबरून, ओरखडे काढत, धापा टाकत आलेल्या मांजरीला भुलेचं औषध जास्त लागतं. झोपाळलेली, घरच्या वासात गुंडाळलेली मांजर आली तर कमी औषधात काम होतं आणि संध्याकाळी ती लवकर पायांवर उभी राहते.